तैवान हललं तेव्हा

लातूरच्या क्लासवाल्या गल्लीत जिलानी आणि भागवत यांचं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं. वरच्या मजल्यावर बारावीच्या पोरांचे क्लास, शेजारी मेस, समोर झेरॉक्स. आतल्या लांब टेबलावर कायम कुणा ना कुणाचा कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पडलेला असायचा. जिलानी लातूरचाच, त्याच्या घरात आजोबांपासून घड्याळं दुरुस्त करत आले होते. भागवत किल्लारीचा. दोघांची ओळख आयटीआयच्या बाकावर झाली आणि पुढे दुकानापर्यंत टिकली.

त्या दुकानाचा एक नियम होता. रॅम कधी साठवून ठेवायची नाही.

रॅम म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी. दोन बोटं रुंद अशी एक हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोनी तुकडे बसवलेले. शिक्षक फळ्यावर गणित मांडतात, सोडवतात आणि पुसून टाकतात, तसं कॉम्प्युटर हातातलं काम तेवढ्यापुरतं या पट्टीवर मांडतो. फळा मोठा असला की गणित सुटसुटीत मांडता येतं. आता हे काळे तुकडे बनतात सिलिकॉनच्या गोल चकत्यांवर, फार मोठ्या आणि फार महागड्या कारखान्यांत. एका चकतीतून गेल्या वर्षीपेक्षा जास्त तुकडे काढायची युक्ती कारखान्यांना दरवर्षी साधते. शिवाय एवढा पैसा ओतून उभा केलेला कारखाना कुणी बंद ठेवत नाही. मागणी असो नसो, माल निघतच राहतो. त्यामुळे साधारणपणे रॅमचा भाव उतरत जातो. आज आणलेली पट्टी पुढच्या महिन्यात स्वस्त झालेली असते.

"रॅम म्हंजे कोथिंबीर हाय," जिलानी म्हणायचा. "सकाळी आणा, संध्याकाळी संपवा. घरात ठिवली का वाळली."

म्हणून दोघं काम आजच्या भावाने घ्यायचे. पेटी, पडदा, कीबोर्ड आधी आणायचे आणि रॅम अगदी शेवटच्या दिवशी, तोवर उतरलेल्या भावाने. मधला फरक हीच त्यांची खरी कमाई. लातुरात सगळेच जोडणारे असंच करत होते.

नव्याण्णव साली भागवतच्या हातात एक काम आलं, आणि त्याच्या लेखी आजवरच्या सगळ्या कामांत ते मोठं होतं. किल्लारीच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली करायची होती. भूकंपाला सहा वर्षं होत आली होती. नव्या गावात घरं झाली, रस्ते झाले, शाळाही झाली. तिथल्या सिद्धलिंग गुरुजींनी मनावर घेतलं आणि घरोघर फिरून वर्गणी गोळा केली. कुणी उसाच्या बिलातून दिली, कुणी दुधाच्या, बायकांनी भिशीतून दिली. ते सगळं एका कापडी पिशवीत घालून गुरुजी जीपने लातूरला आले आणि पिशवी भागवतच्या मांडीवर ठेवली.

"पावती करतो, गुरुजी."

"तुझ्याकडून पावती घेऊ व्हय? दहा बसव. एका कॉम्प्युटरला दोन पोरं, एवढं झालं पाहिजे. दिवाळीची सुट्टी संपली का खोली उघडू."

भागवतचे आईवडील आणि धाकटी बहीण भूकंपात गेली. त्यानंतर कित्येक महिने तो कुणाशी धड बोलत नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये गुरुजी त्याच्यापुढे बंद पडलेले रेडिओ आणून ठेवायचे आणि काही न बोलता शेजारी बसायचे. एक दिवस त्याने स्क्रू-ड्रायव्हर मागितला. आयटीआयचा फॉर्मही गुरुजींनीच भरला होता. त्या माणसाने मागितलेली खोली करून द्यायची, यापलीकडे भागवतला त्या वर्षी काही नको होतं.

गणपतीचे दिवस होते. सकाळी मेसच्या टीव्हीपुढे गर्दी दिसली म्हणून जिलानी डोकावायला गेला आणि त्याने भागवतला हाक मारली. पडद्यावर एक बहुमजली इमारत कुशीवर झोपल्यासारखी आडवी झाली होती. माणसं हातांनी सिमेंटचे तुकडे बाजूला करत होती. कुणीतरी एका बाईला धरून ठेवलं होतं.

"कुठलं हाय हे?" जिलानीने विचारलं.

"तैवान."

"आपल्या पट्टीवर लिहिलेलं असतंय तेच का?"

"हाव."

पोरं चहा पीत बघत होती. भागवत मात्र खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. बातमी संपून जाहिरात लागली तरी त्याचा हात सुटला नाही. जिलानीने ते पाहिलं.

दुपारी नांदेडहून मुनीबचा फोन आला. मुनीब हैदराबादच्या बाजारातून माल आणून नांदेड-लातूरच्या दुकानांना पुरवायचा. "भागवतभाऊ, हैदराबादवाल्यांनी माल आत घेतला, इकत न्हाईत. सकाळचा भाव गेला आता. आत्ताचा सांगतो, पण तासाभरानं इचारू नका. मलाच म्हाईत नसंल."

फोन ठेवल्यावर जिलानी म्हणाला, "शाळेच्या दहा पट्ट्या घेऊन टाकू गपगुमान. थोडं आपल्या अंगावर येईल. येऊ दे. काम निघून जाईल."

"दहा न्हाई," भागवत म्हणाला. "आहे तेवढ्या पैशाची घेऊ. सगळ्या."

"डोकं फिरलं का तुझं? कोथिंबीर हाय ती."

"ऐक. आमचं गाव पडलं. पहिलं वरीस पत्र्यात गेलं. दुसरं पत्र्यात गेलं. घराची किल्ली हातात आली तोवर तवाची रांगती पोरं शाळंत जायला लागली होती. ती तर नुसती दगडमातीची घरं. तिथं कारखाने हायेत, मशिनी हायेत. माणसं मेलीत, काम करणारी. कोण उभं करणार ते आणि कधी? दोन-तीन वरसं भाव खाली येत नसतो. दिवाळीपर्यंत तिप्पट होतोय बघ. निम्म्या इकू. दहाच्या जागी वीस कॉम्प्युटर बसतील. एका पोराला एक."

जिलानीने डोकं खाजवलं. धंद्याचं त्याला भागवतपेक्षा जास्त कळत होतं आणि हे पटत नव्हतं. पण लातुरात एक रीत पडून गेली होती. भूकंपाचा विषय निघाला की किल्लारीच्या माणसाशी कुणी वाद घालायचं नाही. चहाच्या टपरीवर असो की लग्नाच्या मांडवात, तो बोलेल ते ऐकून घ्यायचं आणि मान हलवायची. जिलानीनेही ती पाळली.

"मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. "तुला म्हाईत."

दुसऱ्या दिवशी भागवत एसटीने नांदेडला गेला. शाळेची पिशवी होती आणि दुकानात जे होतं तेही त्याने बरोबर घेतलं होतं. मुनीबचं दुकान तिथल्या वजिराबाद भागात एका जिन्याखाली होतं. सगळ्याची रॅम म्हटल्यावर मुनीबने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी माल इकणारा माणूस. न्हाई म्हणायचा माझा धंदा न्हाई. पण एक ऐका. हे तुरीगत हाय. एका साली तुरीला भाव आला का पुढच्या साली सगळा मुलूख तूर पेरतोय, आणि आडतीत तुरीला कुणी इचारीत न्हाई. मग लोक पेरायचं सोडतात, परत टंचाई, परत भाव. कारखान्यांचं तसंच. मागं भाव चढला तवा सगळ्यांनी एकदमच कारखाने काढले. उभं राहायला दोन-अडीच वरसं लागतात. उभे झाले ते बी एकदमच. बाजार बुडाला. मग कुणी नवा काढीना. म्हणून ह्या उन्हाळ्यापासूनच माल कमी येऊन राहिला होता, त्यात हे झालं. चढंल, मला बी दिसतंय. पण पोटाशी धरून बसू नका. चढला का सोडा."

"सोडतो की," भागवत म्हणाला.

त्याने पट्ट्या मोजून घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि परतीच्या एसटीत मांडीवर घेऊन बसला.

भाव खरंच चढला. मुनीबचा फोन आला की जिलानी आकडा पाटीवर लिहायचा आणि दोघे त्याकडे बघत राहायचे. गणपती गेले. विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांनी वरच्या मजल्यावरचे क्लासचे सर स्वतः जिना उतरून दुकानात आले. त्यांना क्लासमध्ये कॉम्प्युटर बसवायचे होते, पालकांना दाखवायला. हैदराबादेत माल मिळत नव्हता.

"तुमच्याकडे आहे म्हणतात. भाव बोला."

जिलानीने सांगितला. घेतल्याच्या दुपटीहून थोडा कमी. सरांनी मान डोलावली. एवढ्यावर शाळेची खोली होऊन वर पाच-सहा कॉम्प्युटर जास्तीचे झाले असते.

"आत्ता न्हाई इकायचं, सर," भागवत मागून म्हणाला.

सर गेल्यावर जिलानी स्टुलावर बसला. "का रे? का न्हाई?"

"आजून चढणार हाय."

"तुला कसं कळलं?"

"काल टीव्हीवर बघितलं. आजून ढिगारे उपसून राहिलेत. माणसं तंबूत हायेत."

"तू भाव बघून राहिला का ढिगारे?"

भागवत उठून मेसकडे निघाला. तो रोज संध्याकाळी मेसमध्ये जाऊन बातम्या बघायचा. मेसवाल्याने त्याच्यासाठी पुढची खुर्ची ठेवायला सुरुवात केली होती. तैवानची बातमी दिवसेंदिवस छोटी होत चालली होती. शेवटी ती आलीच नाही, तरी तो पूर्ण बातम्या संपेपर्यंत बसून राहिला.

तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या दिवशी, तो किल्लारीला गेला. दरवर्षीच जायचा. सकाळी जुन्या गावाच्या जागेवर लोक जमले, फुलं वाहिली आणि आपापल्या कामाला निघून गेले. भागवत गुरुजींबरोबर शाळेकडे चालत आला. खोली रंगवून तयार होती. गावच्या सुताराने दहा टेबलं केली होती, अजून त्यांना लाकडाचा ओला वास होता. भागवतने टेबलं मोजली आणि म्हणाला, "गुरुजी, हे कमी पडतील. वीस लागतील."

"वीस? पैसे कुठून वाढले?"

भागवतने सगळं सांगितलं. गुरुजी एका टेबलावर बसून ऐकत होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण न कळणारी गोष्ट विचारून घ्यायची लाज त्यांनी कधी बाळगली नव्हती. पोरांनाही ते तेच शिकवत आले होते.

"हे कारखाने पडले का?"

"पडलेच असतील की."

"पडलेले तू बघितलेस?"

"न्हाई. टीव्हीवर घरं दाखवतात."

"भूकंप झाला ते गाव आणि कारखान्याचं गाव एकच का?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, त्याने स्वतःलाही विचारला नव्हता. मुनीब मधे एकदा फोनवर म्हणाला होता की कारखाने उत्तरेला हायेत, शे-सव्वाशे किलोमीटर लांब, तिथली नुसती लाइट गेली. ते त्याने ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"लांब हायेत, असं ऐकलंय," तो म्हणाला.

गुरुजींनी अगदी हळू, वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला विचारावं तसं विचारलं, "आपण पत्र्यात होतो तवा पहिल्या आठवड्यात जेवण कुठून यायचं?"

"ट्रकनं."

"कुठून?"

"लातुरातून. डाळ-भात."

"डाळ कुठली?"

लातूरच्या डाळमिलांमधली डाळ होती ती. भागवतला पोत्यांवरचे शिक्केही आठवले. घरच्यांना अग्नी देऊन तो रांगेत ताटली घेऊन उभा होता, तेव्हा तासाभराच्या वाटेवर लातुरात मिला चालू होत्या, आडत चालू होती, सौदे निघत होते. सहा वर्षं त्याला वाटत आलं होतं की त्या पहाटे सगळंच पडलं. पडली होती किल्लारी आणि आजूबाजूची गावं. लातूर तर उभंच होतं.

"मी इकतो, गुरुजी," तो म्हणाला. "आजच इकतो."

"जा," गुरुजी म्हणाले.

जीप मिळून लातूरला पोहोचेस्तोवर संध्याकाळ झाली. तो सरांचा जिना चढला. सर म्हणाले, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हैदराबादेहून फोन आला होता, माल सुटतोय म्हणतात. थोडं थांबतो. भागवतने मुनीबला फोन लावला.

"कारखान्यांत लाइट कवाच आली," मुनीब म्हणाला. "चकत्या वाया गेल्या तेवढ्याच. ज्यांनी साठवून ठिवलं होतं ते सगळे आता बाहेर काढून राहिलेत. तुमच्याकडं किती उरल्या?"

"सगळ्या."

"आता मिळंल त्या भावानं सोडा," मुनीब म्हणाला.

भाव चढत असताना जो तो घाई करतो, आज घेतलं नाही तर उद्या महाग मिळेल म्हणून. भाव उतरायला लागला की तीच माणसं थांबतात, आज घेतलं तर उद्या स्वस्त मिळालं असतं म्हणून. घेणारा थांबला की भाव आणखी उतरतो आणि त्याला आणखी थांबावंसं वाटतं. जिलानी लातूरभर सायकलवर फिरला. जो तो म्हणायचा, दिवाळीनंतर बघू. दिवाळी आली तोवर पट्टीचा भाव घेतल्याच्या निम्म्यावर आला होता आणि खालीच चालला होता. शेवटी ज्याने जे दिलं त्या भावाने त्यांनी त्या काढून टाकल्या.

जिलानी या सगळ्यात एकदाही भागवतला बोलला नाही. एकदा फक्त, शेवटची पुडी बांधताना म्हणाला, "मी तुझ्याशी भांडायला पायजे होतं." त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही. दुकान पुढे वर्षभर चाललं, पण जिलानी हिशेबापुरतंच बोलू लागला, आणि एक दिवस दोघांनी टेबल-खुर्च्या वाटून घेतल्या.

किल्लारीच्या शाळेसाठी चार कॉम्प्युटर झाले. ते पोचवायला गेला तेव्हा भागवतने गुरुजींना सांगितलं, गावाला मी स्वतः सांगतो. मारुतीच्या पारावर लोक जमले. त्याने उभं राहून सांगितलं, पैसे गेले, दहाचे चारच झाले.

"चोरीला गेलं का काय?" एकाने विचारलं.

"न्हाई. भाव पडला."

ते सगळ्यांना कळलं. आडतीत तूर घेऊन जाणाऱ्यांना भाव पडणं समजावून सांगावं लागत नाही. दोन-चार जणांनी मान हलवली. एक म्हातारा म्हणाला, "पडला का," आणि बिडी पेटवली. कुणीच आवाज चढवला नाही. भागवत शिव्या खायच्या तयारीने आला होता. त्या मिळाल्या असत्या तर त्याला उभं राहायला सोपं गेलं असतं.

विठाबाई त्याची चुलती. भूकंपात तिचे दोन मुलगे गेले होते. एका म्हशीच्या दुधावर राहायची आणि वर्गणी देताना तिने गुरुजींना दोनदा हाक मारून परत बोलावलं होतं, आणखी देण्यासाठी. ती बायकांच्या मागून पुढे आली.

"भाव का पडला रे, भागवता?"

"तिथले कारखाने लवकर चालू झाले, काकू."

"म्हंजे ती माणसं उभी राहिली."

"हाव."

"आणि ती उभी राहिली म्हणून तुझं नुकसान झालं."

भागवतने वर पाहिलं. ती रागात नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"तू बघून राहिला होतास व्हय, कवर उठत न्हाईत ते?"

गुरुजी उठून म्हणाले की पुष्कळ झालं, सकाळी कामं आहेत. लोक उठले.

दिवाळीनंतर खोली उघडली. दहातली उरलेली सहा टेबलं पाचवीच्या वर्गात नेली, कारण ती पोरं जमिनीवर बसत होती. भागवतने ती स्वतः उचलून नेली. गुरुजींनी पाळ्या लावल्या. चार कॉम्प्युटर आणि शाळाभर पोरं, तेव्हा एकेकाची पाळी यायला आठवडे जाऊ लागले. भागवत दर शनिवारी लातूरहून यायचा आणि शिकवायचा. कुणी त्याला बोलावलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नव्हतं.

अशाच एका शनिवारी सातवीतली एक मुलगी दारात उभी राहून आत बघत होती. भागवतने विचारलं, "तुझी पाळी कवा हाय?"

"दोन आठवड्यांनी."

"मग ये की तवा."

"आमी सोमवारी चाललो. ऊसतोडीला. गुढीपाडव्याला येतो माघारी."

गुरुजी फळ्यापाशी होते. ते वळले आणि एका पोराला म्हणाले, जरा सरक, हिला बसू दे. पोरगा लगेच उठला.

"नको, गुरुजी," मुलगी म्हणाली. "आज त्याची हाय."

ती चप्पल घालून निघून गेली. पोरगा परत बसला. गुरुजींनी खडू उचलला, पण फळ्यावर काय लिहायचं होतं ते त्यांना आठवलं नाही, आणि भागवत कॉम्प्युटरच्या मागे वायर बघत असल्यासारखं दाखवत तिथेच बसून राहिला.